‘आम्ही कळवू’ म्हणाले, आता पुढे काय करायचं?

मुलाखत चांगली होते, शेवटी समोरची व्यक्ती म्हणते, ‘आम्ही कळवू’, आणि त्यानंतर काहीच कळत नाही. दोन आठवडे गेले की उमेदवार स्वतःचीच उत्तरं उकरून काढू लागतो: तो प्रश्न चुकला का, पगाराचा आकडा जास्त सांगितला का, घाईत बोलणं झालं का. हा मनस्ताप खरा असतो आणि बऱ्याचदा तो विनाकारण सोसावा लागतो, कारण शांततेचं मूळ उत्तरांमध्ये नसतंच. उमेदवाराला कळवणं हे काम कंपनीत कोणा एकाच्या नावावर लिहिलेलं नसतं. मुलाखत घेणाऱ्याला वाटतं एचआर कळवेल, एचआर मॅनेजरच्या निर्णयाची वाट बघत बसतं आणि मॅनेजर भलत्याच कामात बुडालेला असतो.

म्हणून पुढे जे काही सांगितलं आहे ते सगळं तीन शब्दांभोवती फिरतं: पायरी, नाव, तारीख. प्रत्येक फोन, प्रत्येक फेरी, प्रत्येक मेल संपताना पुढची पायरी कोणती, ती कोण कळवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारून घ्यायचं आणि लगेच लिहून ठेवायचं.

## शांततेच्या मागे काय चाललेलं असतं

एक जागा भरायला बरेच हात लागतात. ज्याला माणूस हवा आहे तो हायरिंग मॅनेजर, प्रक्रिया चालवणारा रिक्रूटर, मुलाखती घेणारं पॅनेल, पगाराला मंजुरी देणारा वित्त विभाग आणि या सगळ्यांच्या मधे अर्जांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, ज्याला एटीएस म्हणतात. निर्णय मॅनेजरचा, बोलणं मात्र रिक्रूटरचं. निरोप हरवतो तो या दोघांमधल्या फटीत.

एक फार नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असता. पहिल्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते, तो विचार करायला वेळ मागतो, पगारावर बोलणी चालतात. तो हो म्हणेपर्यंत कंपनीला तुम्हाला हातचं सोडायचं नसतं आणि हो म्हणताही येत नाही. नोटीस पिरियड एक ते तीन महिन्यांचा असेल आणि मॅनेजर सावध असेल, तर पहिली व्यक्ती रुजू होईपर्यंत तुमचं नाव राखीव राहतं. याची खूण अशी, की तुमच्या मेलला उत्तरं येतात पण मोघम: ‘प्रक्रिया चालू आहे’, ‘अजून थोडा वेळ लागेल’. अशा वेळी चिडून पत्र लिहू नका. पहिला उमेदवार आयत्या वेळी मागे फिरतो असं बऱ्याचदा घडतं आणि मग तो फोन तुम्हालाच येतो.

कधी जागाच गोठवली जाते. तिमाहीचे आकडे खराब आले, वरून आदेश आला, भरती थांबली. जाहिरात अचानक गायब होते आणि रिक्रूटरलाही नीट काही सांगता येत नाही. कधी पॅनेलमधल्या एकाने अभिप्रायच भरलेला नसतो, त्या एका रिकाम्या रकान्यापायी पुढचं सगळं अडतं. कधी निर्णय ‘नाही’ असा केव्हाच झालेला असतो, पण एटीएसमध्ये तुमच्या नावापुढची स्थिती कोणी बदललेली नसते, म्हणून नकाराचा ठरलेला मेल सुटतच नाही. कधी आतल्याच माणसाला जागा द्यायचं ठरलेलं असतं आणि बाहेरच्या मुलाखती नियमापुरत्या घेतल्या जातात. आणि कधी रिक्रूटरच नोकरी सोडून जातो, त्याच्याबरोबर तुमचा सगळा पत्रव्यवहार कोणी न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. म्हणूनच कंपनीतल्या किमान दोन माणसांचं नाव आणि मेल तुमच्याकडे हवा.

बाहेर उभं राहून यातलं नेमकं कोणतं कारण, हे ओळखता येत नाही. तो शोध घेण्यात रात्री घालवू नका.

## अर्ज करतानाच करायच्या दोन गोष्टी

पहिली: जाहिरातीची पीडीएफ करून ठेवा. अर्जाची मुदत संपली की ती संकेतस्थळावरून काढली जाते आणि तीन आठवड्यांनी फोन आला की नेमकं कोणत्या कामासाठी अर्ज केला होता तेच आठवत नाही. फाइलच्या नावात कंपनी, पद आणि तारीख घाला. पाठवलेला रेझ्युमेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा, कारण प्रत्येक ठिकाणी थोडा बदलून पाठवलेला असतो आणि मुलाखत घेणारा त्याच्या हातातल्या प्रतीवरून विचारणार असतो.

दुसरी: एक तक्ता उघडा. रकाने एवढेच पुरतात: कंपनी, पद, अर्ज कुठून केला, संपर्काची व्यक्ती, शेवटचं बोलणं कधी झालं, त्यांनी सांगितलेली तारीख, माझी पुढची कृती आणि तिची तारीख, पगाराबद्दल झालेलं बोलणं. यातला ‘माझी पुढची कृती’ हा रकाना कधीही रिकामा राहू द्यायचा नाही. रोज सकाळी दहा मिनिटं तो तारखेनुसार लावून बघायचा आणि आज ज्यांची तारीख आहे तेवढीच कामं करायची. बाकीच्या कंपन्यांचा विचार त्या दिवशी करायचा नाही. दर तासाला मेल उघडून बघण्याची सवय यानेच सुटते.

जाहिरात महिनोन्‌महिने तशीच दिसत असेल किंवा दर काही आठवड्यांनी नव्या तारखेने परत लागत असेल, तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का ते बघा. तिथे नसेल तर त्या अर्जावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

## पहिला फोन: इथेच निम्मा त्रास टळतो

रिक्रूटरचा पहिला फोन साधारण पंधरा ते तीस मिनिटांचा असतो. बहुतेक उमेदवार त्यात फक्त उत्तरं देतात. पण पुढे दोन महिने वाया जाणार की नाही, हे याच फोनवर कळू शकतं. हे प्रश्न विचारा, याच क्रमाने, कारण सोप्याकडून अवघडाकडे जाणं समोरच्याला सोयीचं पडतं:

१. ही जागा नव्याने तयार झाली आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे?
२. किती दिवसांपासून शोध चालू आहे?
३. एकूण किती फेऱ्या आहेत आणि प्रत्येक फेरी कोण घेतं?
४. अंतिम निर्णय कोणाचा असतो?
५. या पदासाठी पगाराची मर्यादा मंजूर झाली आहे का? असल्यास कितीपासून कितीपर्यंत?
६. माणूस कधीपर्यंत रुजू व्हायला हवा आहे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘मर्यादा अजून ठरायची आहे’ असं आलं, तर जागेला पक्की मंजुरी नाही असं धरून चाला. दुसऱ्याचं उत्तर ‘सहा महिने’ असं आलं, तर आधीचे उमेदवार कुठे कमी पडले ते सरळ विचारा. प्रश्न आगाऊ वाटत नाही आणि मिळणारं उत्तर पुढच्या तयारीला सोन्यासारखं असतं.

‘सध्याचा पगार किती?’ हा प्रश्न आला की आकडा लगेच सांगून टाकू नका. असं म्हणता येतं: ‘सध्याच्या कामाचं स्वरूप वेगळं आहे, त्यामुळे तो आकडा तुलनेला फारसा उपयोगी नाही. या पदासाठी तुमची मर्यादा सांगितलीत, तर ती मला जुळते का ते मी आत्ताच सांगतो.’ कित्येक ठिकाणी हा प्रश्न विचारायला कायद्यानेच मनाई आहे. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशात तर आधीचा पगार विचारू नये आणि देऊ केलेला पगार किंवा मर्यादा पगाराची बोलणी होण्याआधी सांगावी, अशा दोन्ही तरतुदी आहेत. आपल्याकडे काय नियम आहे ते एकदा बघून ठेवा. नियम नसला तरी वरचं वाक्य चालतं. कंपनीने आकड्याचा आग्रहच धरला तर खोटा आकडा मात्र सांगू नका. पगाराच्या पावत्या नंतर मागितल्या जातात आणि त्या एका कारणावरून ऑफर रद्द होऊ शकते.

फोन कन्सल्टन्सीचा असेल तर आणखी एक काळजी घ्या. कंपनीचं नाव कळल्याशिवाय आणि तुमची लेखी संमती घेतल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवू नका असं मेलवर कळवा. एकाच कंपनीकडे दोन कन्सल्टन्सींमार्फत एकच रेझ्युमे गेला, तर कमिशन कोणाचं यावरून वाद होतो आणि तो वाद टाळायला कंपनी उमेदवारालाच बाजूला ठेवते. उमेदवाराला याचा पत्ताही लागत नाही.

## मुलाखतीच्या आदल्या दिवशी

एक छोटा मेल पाठवून या गोष्टी पक्क्या करा: वेळ (दोघं वेगवेगळ्या देशांत असाल तर कोणाच्या घड्याळाप्रमाणे), किती वेळ चालेल, कोण घेणार आणि त्यांचं पद, व्हिडिओची लिंक, आणि लिंक चालली नाही तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात आणि नेमकी तीच अडते.

समोरची व्यक्ती आलीच नाही, तर दहा मिनिटांनी रिक्रूटरला निरोप पाठवा: ‘मी ठरल्या वेळेपासून लिंकवर आहे, वाट बघतो आहे.’ वीस मिनिटांनी लिंक सोडा आणि मेलमध्ये पुढच्या तीन दिवसांतल्या दोन वेळा सुचवा. ‘तुमच्या सोयीने सांगा’ असं लिहू नका, त्या वाक्याला उत्तर येत नाही. दोन ठरावीक वेळांना येतं. एकदा असं होऊ शकतं, माणसं अडकतात. दुसऱ्यांदा माफी न मागता तसंच झालं, तर तिथे काम करतानाही तुमच्या वेळेची किंमत हीच असेल असं समजा आणि निर्णय घ्या.

## तयारी न करता आलेला मुलाखतकार

उमेदवार रात्रभर तयारी करून येतो आणि समोरचा त्याच्यासमोरच पहिल्यांदा रेझ्युमे उघडतो. राग येणं साहजिक आहे. पण अशा मुलाखतीची दिशा उमेदवाराला बऱ्यापैकी ठरवता येते, हे लक्षात घ्या. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न म्हणजे समोरच्याने वाचायला मागितलेला वेळ असतो. नव्वद सेकंदांत उत्तर द्या आणि शेवटी तीन खुंट्या ठोकून ठेवा: ‘या पदाशी जुळणारी तीन कामं माझ्याकडे आहेत: अमुक प्रणाली बदलली ते, तमुक संघ उभा केला तो, आणि खर्च कमी केला तो प्रकल्प. कुठून सुरुवात करू?’ विषय न सुचणारा माणूस या तिन्हींतला एक आनंदाने उचलतो आणि मुलाखत तुमच्या तयारीच्या भागात येते.

अनुभवाच्या प्रश्नांची उत्तरं चार तुकड्यांत बांधा: परिस्थिती काय होती, तुमची जबाबदारी कोणती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला. दोन मिनिटांच्या उत्तरात पहिल्या दोन तुकड्यांना मिळून तीस सेकंद, कृतीला साठ, परिणामाला तीस. सगळ्यात जास्त चूक होते ती परिस्थिती सांगण्यात. दीड मिनिट पार्श्वभूमीतच जातं आणि ‘तुम्ही काय केलंत’ हे समोरच्याला कळतच नाही. ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांतला फरकही जपा. संघाचं श्रेय संघाला द्या, पण स्वतःचा वाटा ‘मी’ म्हणून सांगा, नाहीतर अभिप्रायात ‘नेमकं योगदान अस्पष्ट’ असा शेरा पडतो.

प्रत्येक फेरीत तेच प्रश्न येत असतील तर पॅनेलमधल्या लोकांनी विषय आपसात वाटून घेतलेले नाहीत. नव्या फेरीच्या सुरुवातीलाच म्हणा: ‘आधीच्या फेरीत माझ्या अमुक प्रकल्पावर तपशिलात बोलणं झालं आहे. आज कोणत्या बाजूने बोललं तर तुम्हाला जास्त उपयोग होईल?’

कोडी घालणारे मुलाखतकार अजूनही भेटतात. विमानात किती चेंडू मावतील, या धर्तीचे प्रश्न. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं, की अशा कोड्यांनी वेळ वाया जातो आणि त्यांतून कोण चांगलं काम करेल याचा काहीच अंदाज येत नाही. तरी प्रश्न आलाच तर आकड्याच्या मागे लागू नका. गृहीतकं मोठ्याने सांगा, गणित मोठ्याने करा आणि शेवटी उत्तर कुठे चुकू शकतं तेही सांगा.

लग्न, मूलबाळ, घरची जबाबदारी यांवरचा खाजगी प्रश्न आला, तर त्यामागची शंका ओळखून तेवढ्यालाच उत्तर द्या: ‘कामाच्या वेळा किंवा प्रवास याबद्दल विचारत असाल, तर जाहिरातीत लिहिलेल्या वेळा मला जमतात.’ आणि गप्प बसा. पुन्हा तोच प्रश्न आला तर मुलाखतीनंतर तो शब्दशः लिहून ठेवा, तारीख आणि नावासकट.

## शेवटची पाच मिनिटं

‘काही विचारायचं आहे का?’ याला ‘नाही, सगळं कळलं’ म्हणणं ही या सगळ्या प्रक्रियेतली आम्हाला सर्वांत महाग वाटणारी चूक आहे. कामाबद्दल एक प्रश्न विचारा: ‘पहिल्या सहा महिन्यांत या व्यक्तीने काय केलं तर तुम्ही म्हणाल की निवड बरोबर झाली?’ मग शंकेचा: ‘माझ्या अनुभवात तुम्हाला काही कमी वाटतं का? असेल तर मी आत्ताच त्यावर बोलू शकतो.’ हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण गैरसमज दूर करायची संधी परत मिळत नाही.

आणि मग पायरी, नाव, तारीख: ‘पुढची पायरी कोणती असेल? मला कोण कळवेल? साधारण कोणत्या तारखेपर्यंत? आणि त्या तारखेपर्यंत काही कळलं नाही, तर मी कोणाला विचारलेलं चालेल?’ शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानेच तुम्हाला नंतर विचारण्याची परवानगी आधीच मिळते आणि पुढचा फॉलो-अप ‘मागे लागणं’ न ठरता ठरल्याप्रमाणे केलेली कृती ठरतो.

## त्याच दिवशी

घरी आल्यावर किंवा लिंक बंद केल्यावर वीस मिनिटं बसून विचारलेले प्रश्न, अडखळलेली जागा, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं. चोवीस तासांच्या आत आभाराचा मेल पाठवा. लांबलचक नको, पाच-सहा ओळी, आणि त्यात तारीख हवीच:

‘नमस्कार, आज वेळ दिल्याबद्दल आभार. नव्या ग्राहकांची नोंदणी सुरळीत करण्याबद्दल झालेलं बोलणं मला विशेष महत्त्वाचं वाटलं. मी आधीच्या कामात हेच केलं आहे. आपलं ठरल्याप्रमाणे पुढच्या फेरीबद्दल २० तारखेपर्यंत आपल्याकडून कळेल. त्याआधी काही माहिती हवी असल्यास जरूर सांगा.’

आता ती तारीख दोघांकडे लेखी आहे. ती टळली तर नेमकी कोणती गोष्ट टळली, हे दोघांनाही माहीत असतं.

## फॉलो-अपचं वेळापत्रक

पहिला फॉलो-अप सांगितलेल्या तारखेनंतर दोन कामाच्या दिवसांनी. तारीख मिळालीच नसेल तर मुलाखतीनंतर पाच ते सात कामाच्या दिवसांनी. दुसरा त्यानंतर एका आठवड्याने. तिसरा आणि शेवटचा आणखी सात ते दहा दिवसांनी. बस, तीनच.

तिन्ही मेल जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. नवा मेल लिहिला तर रिक्रूटरला तुम्ही कोण हे शोधावं लागतं आणि दिवसाला शेकडो मेल बघणारा माणूस ते शोधत नाही. विषयाच्या ओळीत पद आणि तुमचं नाव असू द्या.

पहिला: ‘नमस्कार, अमुक पदाच्या १२ तारखेच्या मुलाखतीबद्दल विचारत आहे. २० तारखेपर्यंत कळेल असं आपलं बोलणं झालं होतं. निर्णयाला आणखी किती दिवस लागतील ते कळवता येईल का?’ इथे ‘काही अपडेट आहे का?’ असं विचारू नका. त्याला ‘अजून नाही’ एवढंच उत्तर येतं. ‘किती दिवस?’ याला आकडा द्यावा लागतो.

दुसरा मेल रिक्रूटरला लिहा आणि मुलाखतीत ज्यांनी स्वतःहून मेल दिला होता त्यांना प्रत पाठवा. मजकूर याहून लहान, आणि उत्तर देणं सोपं करा: ‘प्रक्रिया चालू आहे, थांबली आहे की दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, यांपैकी एका शब्दात कळवलंत तरी चालेल.’ नकार लिहिणं लोकांना जड जातं. एक शब्द लिहिणं जड जात नाही. गप्प बसलेली माणसंही कधीकधी या ओळीला उत्तर देतात.

तिसरा मेल दार लावणारा, पण कडी न घालणारा: ‘आपल्याकडून काही कळलं नाही, त्यामुळे ही जागा आता माझ्यासाठी बंद झाली असं समजून मी पुढे जात आहे. भविष्यात जुळणारं काम निघाल्यास जरूर कळवा.’ यात टोमणा नको. मग तक्त्यात ‘बंद’ लिहा आणि खरोखर बंद करा.

फोन करायचा असेल तर एकदाच, आणि तोही रिक्रूटरने आधी स्वतः फोन केला असेल तरच. वैयक्तिक नंबरवर रात्री निरोप पाठवणं, पॅनेलमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं लिहिणं, समाजमाध्यमांवर नाव घेऊन तक्रार करणं, यांनी उत्तर लवकर येत नाही. उलट दुसऱ्या क्रमांकावर असाल तर तेही जातं.

## घरून करून आणायचं काम

हातात काम येताच तीन प्रश्न विचारा: यावर किती तास घालवणं अपेक्षित आहे, कोणत्या निकषांवर तपासणार, आणि तपासल्यावर चर्चा होणार का. तीन-चार तासांपर्यंतचं काम आमच्या मते रास्त आहे. ‘आठवडाभरात आमच्या उत्पादनाचा पूर्ण आराखडा करा’ हे रास्त नाही. तिथे स्पष्ट लिहा: ‘मी यातल्या पहिल्या भागावर चार तास काम करून देतो. पूर्ण काम हवं असल्यास मानधनावर करता येईल.’

फुकट काम काढून घेण्याचा प्रकार ओळखता येतो. प्रश्न खऱ्या, चालू ग्राहकाचा असतो, माहिती आजची असते आणि उत्तर बदलता येईल अशा मूळ फाइलमध्येच मागतात. अशा वेळी पीडीएफ पाठवा, मुख्य विचार लिहा आणि बाकीचं चर्चेत तोंडी मांडा. पहिल्या पानावर ‘केवळ निवड प्रक्रियेसाठी’ असं लिहून तारीख घाला. आधीच्या कंपनीची कोणतीही गोपनीय माहिती त्यात वापरू नका, नमुना म्हणूनही नाही.

## फेऱ्या संपतच नाहीत

गूगलने स्वतःच्या भरतीची आकडेवारी तपासली तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि त्यापुढच्या फेऱ्यांनी फारशी भर पडत नाही असं आढळलं. म्हणून पाचव्या फेरीचं बोलावणं आलं की नम्रपणे विचारा: ‘या फेरीत माझ्याबद्दल कोणती गोष्ट तपासायची राहिली आहे? त्याप्रमाणे तयारी करून येतो.’ ठोस उत्तर आलं तर जा. ‘वरिष्ठांना फक्त भेटायचं आहे’ असं असेल तर हीच शेवटची का, हे लेखी विचारा. सहावी, सातवी निघत राहिली तर तिथे निर्णय घ्यायला कोणी तयार नाही. नोकरीला लागल्यावर तुमच्या प्रत्येक कामाला हीच रांग लागेल.

## ऑफर येते तेव्हा

फोनवरचा ‘तुमची निवड झाली’ हा निरोप म्हणजे ऑफर नव्हे. वित्त विभागाची मंजुरी, संदर्भ तपासणी, पार्श्वभूमी पडताळणी, यांपैकी काहीही अजून राहिलेलं असू शकतं. सहीचं पत्र हातात येऊन त्यातल्या अटी वाचल्याशिवाय आहे त्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. पत्रात पद, ठरलेला आणि बदलता पगार वेगवेगळा, रुजू होण्याची तारीख, कामाचं ठिकाण, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, नोटीस पिरियड आणि कोणत्या अटीवर पत्र रद्द होईल, एवढं बघा. फोनवर सांगितलेलं पण पत्रात नसलेलं जे काही असेल ते मेलवर मागा.

दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात असेल आणि तुम्हाला हवी ती कंपनी गप्प असेल, तर हा एकच प्रसंग असा आहे जिथे तुमच्या मेलने खरंच वेग येतो: ‘मला दुसरीकडून लेखी ऑफर मिळाली असून २८ तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती आपल्याकडच्या कामाला आहे. २६ तारखेपर्यंत आपला निर्णय होऊ शकेल का?’ हे खरं असेल तरच लिहा. खोटी ऑफर सांगितली आणि ते ‘मग ती घ्या’ म्हणाले, तर हात रिकामे राहतात.

सही झाल्यापासून रुजू होईपर्यंतही शांतता पसरते. दर दोन आठवड्यांनी एक ओळ पाठवून रुजू होण्याची तारीख पक्की करून घ्या. आणि कोणत्याही टप्प्यावर पैसे मागितले, प्रशिक्षणाचे, लॅपटॉपचे किंवा अनामत म्हणून, तर ती फसवणूक आहे, तिथेच थांबा.

## नकारातून उपयोगाचं काही काढायचं असेल तर

‘माझं काय चुकलं?’ या प्रश्नाला कंपन्या सहसा उत्तर देत नाहीत. कारणं लिहून दिली तर ती उद्या तक्रारीत वापरली जातील अशी भीती असते, आणि बऱ्याचदा अभिप्राय इतका तोकडा लिहिलेला असतो की सांगण्यासारखं काही नसतंच. म्हणून एकच प्रश्न, पुढे बघणारा, विचारा: ‘अशाच पदासाठी पुन्हा अर्ज करायचा झाला, तर कोणत्या एका गोष्टीवर मी काम करावं?’ युरोपीय संघात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी असलेल्या जीडीपीआर कायद्याच्या कलम १५ नुसार उमेदवार आपल्याबद्दल साठवलेली माहिती मागू शकतो आणि कंपनीला साधारणपणे महिनाभरात उत्तर द्यावं लागतं.

## आणि भरती करणाऱ्यांसाठी

हा भाग थोडक्यात, पण कळकळीने. उमेदवाराला गप्प राहून टांगून ठेवणं क्रूर आहे आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत.

जाहिरात देण्याआधी चार ते सहा निकष लिहा, ते पॅनेलमध्ये वाटा, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारा आणि प्रत्येक निकषाला गुण द्या. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला तेव्हा निवडीच्या पद्धतींमध्ये अशी आखीव मुलाखतच सर्वांत वर आली. अभिप्राय चोवीस तासांत भरला जावा, आणि तो भरेपर्यंत इतरांचे शेरे पॅनेलमधल्या कोणालाही दिसू नयेत. नाहीतर पहिल्याच्या मताचा रंग सगळ्यांवर चढतो.

प्रत्येक उमेदवारामागे कळवणाऱ्या एका माणसाचं नाव ठरवा. सांगण्यासारखं काही नसेल तरी आठवड्यातून एकदा ‘अजून निर्णय झालेला नाही, पुढचा निरोप शुक्रवारी’ एवढं पाठवा. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खरं सांगा: ‘एका उमेदवाराशी बोलणी चालू आहेत, ती पूर्ण झाली नाहीत तर आम्हाला तुमच्याशी बोलायला आवडेल.’ माणसं हे समजून घेतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात तर १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत झालेल्या उमेदवाराला, शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवणं बंधनकारक आहे. ४५ दिवस ही कायद्याची शेवटची रेषा झाली; निर्णय झाल्यावर पाच कामाच्या दिवसांत कळवणं कोणत्याही कंपनीला जमण्यासारखं आहे.

ज्यांची मुलाखत झालेली नाही त्यांना नकाराचा ठरावीक मेल चालतो. दोन किंवा अधिक फेऱ्या दिलेल्यांना फोन करा, तीन मिनिटं लागतात: निर्णय पहिल्याच वाक्यात, कारण एका वाक्यात, आणि मग त्यांना बोलू द्या. एटीएसमध्ये जागा बंद करण्याआधी ‘मुलाखत झाली’ या स्थितीत अडकलेली सगळी नावं एकदा गाळून बघा. त्या यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे अजून वाट बघणारा एक माणूस आहे. यादी रिकामी होईपर्यंत जागा बंद करण्याचं बटण दाबू नका.